कंट्रोलरचा नवखेपणा

मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून मी तिथे राहायला गेले.

हे कारण ऐकून लोक माझ्याकडे बघत राहायचे. सगळी दुनिया रेल्वेच्या जवळ सरकायला बघते. आमचं आसनगावचं घर स्टेशनापासून चालत सात मिनिटांवर होतं, आणि तीच माझी अडचण होती. मी घरी बसून परदेशी कार्टून-मालिकांचे मराठी संवाद लिहायचे. चित्रातल्या माणसाचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्याच वेळात बसेल असं मराठी वाक्य शोधायचं, ते स्वतःच्या आवाजात फोनवर बोलून चित्राला लावून बघायचं, जमलं की स्टुडिओला पाठवायचं. तिथे खरे कलाकार ते पुन्हा बोलत. पण माझ्या त्या कच्च्या आवाजातही दर थोड्या वेळाने एक गाडी शिरायची. एकदा एक राजकन्या शेवटचा श्वास घेत असताना मागून भोंगा वाजला, तेव्हा स्टुडिओतल्या मॅडम म्हणाल्या, "तू कुठेतरी शांत जागी खोली बघ ना."

मुरबाडच्या कडेला एक खोली रिकामी आहे, मालकांना सगळे कंट्रोलर म्हणतात, एवढाच पत्ता मला मिळाला होता. हिवाळ्यातली सकाळ होती. एका बंद दुकानाच्या पायरीशी पांढरा शर्ट, खाकी पँट आणि हातात रिकामी कापडी पिशवी अशा थाटात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. मी त्यांनाच विचारलं, "काका, कंट्रोलरांचं घर कुठं आहे?"

"मीपण नवीन हाय इथं," ते म्हणाले. "चल, इचारू."

आम्ही निघालो. त्यांनी किराणावाल्याला विचारलं, मग पिठाच्या गिरणीवाल्याला, मग अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या एका बाईला. "सरळ म्हंजे किती सरळ?", "तिकडं म्हंजे डावीकडं का?" असं खोदून खोदून विचारत होते. लोक न हसता उत्तरं देत होते, फक्त गिरणीवाल्याने जरा तोंड फिरवलं. शेवटी आम्ही एका कौलारू घरापुढे आलो. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि फाटकाचं कुलूप उघडलं.

"ये आत. मीच कंट्रोलर," ते म्हणाले. "तिघांतून एकीनं बरोबर सांगितलं. दोघांनी नुसता हात केला. नवीन माणसानं काय हात बघून घर शोधायचं?"

हसावं की परत फिरावं मला कळेना. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, काकूंनी, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि त्या म्हणाल्या, "घाबरू नको गो. महिन्यातून एकदा स्वतःच्या घराचा पत्ता इचारत फिरतात. आज तू सापडलीस."

काकांची सारी नोकरी एसटीत झाली होती. सुरुवातीला कंडक्टर, नंतर मुरबाड स्टँडवर कंट्रोलर, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवर सांगणारा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो माइक गळ्यातून उतरला नव्हता. काकूंकडे चहा मागायचा तर एकदा मागत, जरा थांबत, आणि तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणत. नोकरीत असताना सुटीच्या दिवशी पिशवी घेऊन स्वतःच्याच स्टँडवर जाऊन उभे राहात, आणि बाकड्यावरच्या बायामाणसांना विचारत, "शहापूर गाडी कुठं लागते हो? आता काय बोलला तो भोंग्यावर?" ज्याला कळलं नसेल त्याचं काही चुकलं असं ते मानत नसत. चूक केबिनमधल्याची. दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदलून सांगत.

"नवख्याला कळलं पायजे," हे त्यांचं एकच म्हणणं होतं. ते वेगवेगळ्या सुरात, दिवसातून चार-पाच वेळा ऐकू यायचं.

जगातल्या सगळ्या गोष्टींची पारख ते एसटीच्या भाषेत करायचे. काकूंचं सुकटीचं कालवण साधारणपणे 'वेळेवर' असायचं. एका पुढाऱ्याच्या भाषणाबद्दल म्हणाले, "फलाटाला लागलीच नाय." माझा भाऊ पुण्याहून भेटायला आला, थोडा वेळ बोलला, गेला, तर त्याच्याबद्दल, "धा मिनिटं उशिरा, पण पोचवतो." जे अगदीच बिघडलं ते 'रद्द'. आणि सगळ्यात वरचा शेरा होता 'विनाथांबा'. तो मी त्यांच्या तोंडून फारच थोड्या वेळा ऐकला.

ती खोली फार शांत होती. मागच्या खिडकीतून शेत, त्यापलीकडे झाडांची रेघ, आणि त्याच्याही पलीकडे डोंगर, सकाळी निळे आणि दुपारी नसल्यासारखे. दुपारी तर वाटायचं, सगळं गाव कोणीतरी पाण्यात हळूच बुडवून ठेवलंय आणि वरून ऊन हलतंय. तसं वाटायला माझं कामही कारण होतं. त्या दिवसांत मी ज्या ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून-मालिकेचे, संवाद लिहीत होते त्याची गोष्टच तशी होती.

एका मोठ्या तळ्याखाली एक शहर बुडालेलं आहे. हातात कंदील घेतलेली एक मुलगी त्या शहरात उतरते. ज्या घरात ती दिवा लावते, त्या घरातलं पाणी ओसरतं आणि आतला संसार होता तसा दिसू लागतो. चुलीवरचं भांडं, दोरीवरचा सदरा, अर्धवट विणलेली टोपली. ही मालिका एका व्हिडिओ गेमवरून काढलेली होती, आणि तो गेम माझा होता. माझा म्हणजे, सगळं बंद होतं त्या वर्षी आसनगावच्या घरात मी आणि दादा तो गेम महिनोन्महिने खेळलो होतो. गेममध्ये ती मुलगी एक शब्द बोलत नाही. ती कोण, कुठून आली, कोणी सांगत नाही. आम्ही दोघं अंधाऱ्या खोलीत शेजारी बसून तिला त्या गल्ल्यांतून चालवायचो आणि आम्हीही फारसं बोलायचो नाही. नंतर दादा पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, आणि ती शांतता तेवढी माझ्याजवळ राहिली.

मालिकावाल्यांनी त्या मुलीला तोंड दिलं होतं. ती सारखी बोलायची. शिवाय तिला एक मावशी दिली होती आणि विनोद करणारा एक बगळा दिला होता. पहिला भाग बघितला तेव्हा माझ्याच घरात परक्या माणसांनी सामान हलवल्यासारखं मला वाटलं.

अशात मॅडमचा फोन आला. मराठीत असली मालिका पहिल्यांदाच येत होती आणि ती चालली तर पुढची कामं मिळणार होती. "ज्याने गेम खेळलेला नाही, असलं काही कधी बघितलेलं नाही, अशा कोणालातरी दाखव," त्या म्हणाल्या. "त्याला काय कळतं, काय नाही, ते लिहून पाठव. तू स्वतः हे करू शकत नाहीस. तुला सगळं माहीत आहे."

असा माणूस शोधायला मला अंगणापलीकडे जावं लागलं नाही.

"मी काय करायचं?" काकांनी विचारलं.

"नवखा म्हणून बघायचं आणि काय वाटलं ते सांगायचं."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर फुकट केलेल्या कामावर कोणीतरी अचानक नेमणूक करावी, तसे ते ताठ बसले. "मग एक अट," ते म्हणाले. "आधी काय सांगायचं नाय. आधी सांगितलंस की मी कामातनं गेलो."

रोज दुपारी चार वाजता ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या खोलीत यायचे. दार अर्धं लोटायचो. मागच्या भिंतीवर कॉम्प्युटरच्या पडद्याचा निळा उजेड हलत राहायचा. मुलगी, मावशी, बगळा, सगळे माझ्याच कच्च्या आवाजात बोलायचे. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "एकाच बाईची सर्दी सगळ्यांना झालीय," आणि त्यानंतर आवाजाबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ते शेरे लिहायचे.

पहिला भाग संपल्यावर मात्र बराच वेळ काहीच लिहिलं नाही. पेन हातात तसंच राहिलं. मग एवढंच म्हणाले, "वेळेवर."

सुरुवातीचं गाणं त्यांना पटलं नाही. त्यात पुढच्या भागांतली सगळी माणसं ओळीने दिसायची. "अजून गाडी सुटली नाय आणि उतरणारी माणसं कशाला दाखवतात?" बगळा मला डोळ्यांसमोर नको होता, पण काकांनी त्याची बाजू घेतली. "तो नवीन माणसासाठी ठेवलाय. आपल्याला जे इचारायचं असतं ते तो इचारतो. काम करतो बिचारा." तिसऱ्या भागात मुलगी चिखलातून एक मोडकी निळी फणी उचलते आणि चित्र बराच वेळ त्या फणीवर थांबतं. गेममध्ये ती फणी मिळाली तेव्हा मी आणि दादा दोघंही रडलो होतो. काका मात्र अस्वस्थ झाले.

"ही फणी कोणाची? सगळी तिच्याकडं ओळखीची असल्यासारखी बघतायत, आणि मलाच कोण सांगत नाय. दुसऱ्याच्या वऱ्हाडात जाऊन बसल्यासारखं झालं."

"काका, गेममध्ये ती फणी ना..."

"सांगू नको!" त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "उशिरा. ईस मिनिटं उशिरा. लिही."

मी लिहिलं. त्यांचे शेरे मी मॅडमना तसेच्या तसे पाठवायचे आणि मॅडम खूश होत्या. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. मी चोरी करत होते.

सुरुवात लहानशी होती. मुलगी पाठमोरी असली की तिचे ओठ दिसत नाहीत. तिथे ती काही बोलत असली तरी मी मराठीत काहीच लिहायचे नाही. शांतता ठेवायचे. हळूहळू धीर वाढला. सहाव्या भागात ती मुलगी मावशीला पहिल्यांदा सांगते, की मी इथे माझं घर शोधायला आलेय. गेममध्ये हे कुठेच नाही. आमची मुलगी कोणाची नव्हती, म्हणून तर ती आमची होती. मी ते वाक्य बदललं. ओठांना नीट बसेल असं लिहिलं, "मी इथे फक्त दिवे लावायला आलेय." मॅडमना जपानी येत नव्हतं, मराठी तपासायला वेगळं कोणी नव्हतं. मला वाटलं, कोणाला कळणार?

सातव्या भागात मुलगी एका बंद दारापुढे येते. दार उघडत नाही. ती कंदील खाली ठेवते आणि दारावर डोकं टेकून रडते.

भाग संपला. काकांनी पेन खाली ठेवलं. "रद्द," ते म्हणाले.

"का?"

"ही रडते कशाला?"

"दार उघडत नाही म्हणून."

"दिवे लावायला आलेली पोरगी ना ही? मग एक दार नाय उघडलं तर दुसरं उघडंल. एवढी घरं पडलीत. इतकं रडायचं तर ते दार तिचं पायजे." ते माझ्याकडे वळले. "मधलं काहीतरी गाळलंय. त्या लोकांनी गाळलं का तू?"

"मी," मी म्हणाले. मग सगळं सांगून टाकलं. गेम, दादा, मुलीचं गप्प असणं, सहाव्या भागातलं वाक्य. सांगताना मला माझी बाजू बरोबरही वाटत होती. त्यांनी आमची गोष्ट बिघडवली, मी ती सांभाळतेय, असं काहीसं मी म्हणाले.

काका रागावले नाहीत. कॅलेंडरचं पान घडी करत राहिले, लहान लहान. मग माइकवरच्या नाही, अगदी साध्या आवाजात बोलू लागले.

"आमचं गाव धरणात गेलं. शहापूरच्या बाजूला. तुला कोणी सांगितलं नसंल. मी कंडक्टर होतो तवा. नंतर सरकारनं वर माळावर जागा दिली, तिथं लोक राहायला गेली आणि गावाच्या नावापुढं 'नवीन' लागलं. गाडीच्या पाटीवर नवीन. कागदावर नवीन. मी पुढं कंट्रोलर झालो, केबिनमधी बसलो, पण माझ्या तोंडातनं तो शब्द निघंना. आमच्या गावाला नवीन कसलं? मी आपला जुनंच नाव सांगायचो. तीन-तीन वेळा. मला बरं वाटायचं. भोंग्यावरनं गावाचं नाव गेलं की वाटायचं, अजून हाय."

त्यांनी पानाची घडी पुन्हा उलगडली.

"एक दिवस एक पोरगी आलेली, घाटावरची. नवीन लग्न झालेली. तिचा बाप त्या माळावर मजुरीला आलेला, आजारी पडलेला. तिच्याकडं चिठ्ठीवर नाव लिहिलेलं, 'नवीन' लावून. सकाळपासनं बाकड्यावर बसली. मी सकाळची गाडी सांगितली, दुपारची सांगितली, संध्याकाळची सांगितली. जुन्या नावानं. ती ऐकत होती, पण तिच्या चिठ्ठीतलं गाव काय येईना. ड्यूटी संपवून मी बाहेर आलो तर ही अजून तिथंच. मला इचारते, काका, या गावाची गाडी बंद झाली का?"

"मग?"

"मग काय. पोचली. दुसऱ्या दिवशी पोचली."

बाप भेटला का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. बाहेर कोणीतरी म्हशींना हाकत चाललं होतं, तो आवाज लांब गेला.

"तिला कुठं जायचंय ते मी इचारलंच नाय गो," काका म्हणाले. "मला कुठं जायचंय तेच सांगत बसलो."

सहाव्या भागातलं वाक्य मी त्याच संध्याकाळी परत होतं तसं केलं. पाठमोऱ्या मुलीच्या जागा भरल्या. आनंदाने नाही, शिक्षा भोगल्यासारखं केलं. मॅडमना फोन करून माझी चूकही सांगितली. त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत सगळं नीट करून दे. पुन्हा असं झालं तर तुला काम देणं मला जमणार नाही." दुसऱ्या दुपारी काकांना सहावा आणि सातवा भाग पुन्हा दाखवला. मुलगी म्हणाली, मी माझं घर शोधायला आलेय. मग ती त्या दारापुढे रडली. काकांनी शेरा दिला नाही. उठून गेले.

सकाळी मी दात घासत अंगणात उभी होते तेव्हा ते समोर आले. धुतलेला शर्ट, खाकी पँट, पिशवी. "मे महिना हाय," ते म्हणाले. "पाणी उतरलं असंल. येतेस का?"

"कुठे?"

"एक गाव हाय. मी पयल्यांदाच चाललोय."

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. भाकऱ्या फडक्यात बांधता बांधता हळू आवाजात सांगितलं, की दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. त्यांचे भाऊबंद जातात, नारळ फोडतात, जेवून येतात. हे इतक्या वर्षांत एकदाही गेले नाहीत. "गाव सोडायची शेवटची गाडी यांच्याच ड्यूटीला आलेली," काकू म्हणाल्या. "सगळ्यांची तिकिटं यांनीच फाडली. सासूबाईंचंसुद्धा. त्या माउलीनं इचारलं, बाळा, परतीचंपण आत्ताच फाडतोस का? तेव्हापासनं त्या बाजूला फिरकले नाहीत." मग फडक्याला गाठ मारून म्हणाल्या, "तू संगती राहा."

मुरबाडहून शहापूरपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पायी. उतार संपला आणि एकदम मोकळं झालं. पाणी फार लांब, चकाकणाऱ्या पट्टीसारखं दिसत होतं, आणि अलीकडे सगळा भेगाळलेला चिखल, फिकट, जवळजवळ पांढरा. त्यातून जोत्यांचे दगड वर आलेले. चौकोनामागून चौकोन. वारा नव्हता. मला वाटलं मी ते सगळं आधी चालून आलेय.

एका करंजाच्या सावलीत तिशीची एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. नव्या गावात दिलेली सून, बघायला येणाऱ्या लोकांना करवंदं विकायची. काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बाय, हे कुठलं गाव?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"आमचंच जुनं गाव," ती उठत म्हणाली. "तुमी नवीन का? या, दाखवते."

ती पुढे, आम्ही मागे. तिने ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं. ती जन्माला येण्याआधीच ते पाण्यात गेलं होतं. पण सासूकडून ऐकलेलं ती असं सांगत होती, की जणू मघाशीच तिथून पाणी भरून आलीय. इथं देऊळ. इथं बाजार भरायचा. या विहिरीचं पाणी इतकं गोड, की डाळ अर्ध्या वेळात शिजायची. काका विचारत होते, "देवळाचं तोंड कुठं होतं? बाजार कुठल्या वारी?" ती सांगत होती. चालता चालता ती एका जोत्यापाशी थांबली. दोन पायऱ्या शाबूत होत्या. "आणि ही शाळा," ती म्हणाली. "सासूबाय इथंच शिकली. मास्तर फार मारायचा म्हणं."

काका त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, अनवाणी वर चढले आणि मधोमध मांडी घालून बसले.

"बसता होय शाळेत?" ती हसली.

"शिकायचं राहिलंय थोडं," काका म्हणाले.

त्यांनी हात खाली टेकला आणि एका दगडाच्या कडेवरून असा फिरवला, की मला काही सांगायची गरज उरली नाही. ती शाळा नव्हती. ती बाई करवंदांकडे परत गेली तेव्हा मी म्हणाले, "काका, हे तुमचं घर आहे ना? सांगा ना तिला. ती उद्या सगळ्यांना हेच सांगेल. चुकीचं."

"सांगू दे."

"पण काका..."

"इतकी वर्षं मी या जागेचा इचार करतोय गो, आणि मला नुसतं पाणी दिसायचं. ही पोरगी आली आणि तिनं इथं शाळा उभी केली. पोरं बसवली. मास्तर आणला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "तिचं बिघडवून माझं काय नीट होणाराय?"

परत जाताना त्यांनी तिच्याकडून दोन द्रोण करवंदं घेतली आणि तिला म्हणाले, "विनाथांबा." तिला काही कळलं नाही. गाडीबद्दल काही विचारतायत असं समजून ती म्हणाली, "जीप हाय ना वर, बाबा."

पुढचे पाच भाग मी कसे लिहिले ते मला नीट सांगता येणार नाही. हातात कोणीतरी दुसरंच बसलं होतं. ती मुलगी जितकी बोलेल तितकं मी तिला बोलू दिलं. मावशीला आमच्या आसनगावच्या शेजारणीची बोली दिली. बगळ्याचे विनोद इतके मनापासून लिहिले, की मॅडम फोनवर हसल्या. दादाला एक दिवस सांगितलं, की मालिकेतली मुलगी घर शोधायला आलीय. तो म्हणाला, "मला नेहमी तसंच वाटायचं. तुला नव्हतं वाटत?" आम्ही एवढे महिने शेजारी बसून खेळलो होतो. मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

श्रावणात मालिका लागली. मुंबईच्या कलाकारांचे आवाज आले तेव्हा काकांना ते फार गुळगुळीत वाटले, त्यांना माझी सर्दी हवी होती. तरी काकूंना शेजारी बसवून त्यांनी बाराही भाग पुन्हा पाहिले, आणि काकू काही विचारायला लागल्या की हात वर करायचे. आधी सांगायचं नाय.

त्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकूंनी मला हाक मारली तेव्हा त्यांच्या अंगावर ऊन पडलेलं होतं. पुढे मी ती खोली सोडली. आता मी कल्याणला असते आणि अजूनही हेच काम करते. काकांची आठवण येते ती बहुतेक एकाच दुपारची.

ते जायच्या थोडे आधीचे, भातकापणीचे दिवस होते. गावात माणूस दिसत नव्हतं. काका आले आणि म्हणाले, तो मूळचा गेम काय असतो तो मला दाखव. मी गेम चालवायचा दादाचा जुना कंट्रोल त्यांच्या हातात दिला, कुठलं बटण दाबल्यावर मुलगी चालते ते दाखवलं आणि बाजूला बसले. पहिल्यांदा ती भिंतीवरच आपटत राहिली. मग तिला रस्ता सापडला. काकांना ती गप्प आहे हेच मुळात पटेना. "हिच्या तोंडाला काय झालं? त्या मालिकेत चांगली बोलायची," ते वैतागून म्हणाले. थोड्या वेळाने वैताग ओसरला. मुलगी चालत राहिली. निळ्या, बुडालेल्या गल्ल्या, बंद दारं, पाण्यात हलणारी तोरणं. एक घर आलं, ते पुढे गेले. दुसरं आलं, तेही सोडून पुढे गेले. दिवा लावायचं बटण त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. अर्धा तास झाला तरी त्यांनी एकही दिवा लावला नाही.

शेवटी मला राहवलं नाही. "काका, ते गोल बटण दाबा ना. दिवा लागेल, पाणी जाईल, मग सगळं दिसेल."

त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. मुलगी एका वळणावर थांबली होती.

"थांब गो," ते म्हणाले. "आत्ता तर आलोय. जरा फिरू दे."